खंजनाचे आगमन : मानक नगरचा शरद आणि ऋतुवर्णनाचे वाचन

लखनौ शहराच्या दक्षिण भागात, कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत मानक नगर ही वसाहत आहे. तिचे नाव तिच्या कार्यावरून पडले आहे. १९३० साली स्थापन झालेले सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ साली सुरू झालेले रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र यांचे १९५७ साली विलीनीकरण होऊन ‘रिसर्च डिझाइन्स अँड स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशन’ ही संस्था निर्माण झाली. भारतीय रेल्वेचे रूळ, डबे, इंजिने, पूल यांची मानके ठरवणे हे तिचे काम. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली अभियंत्यांची व कर्मचाऱ्यांची कुटुंबे या वसाहतीत राहतात. साहजिकच एकाच पक्ष्याला तेथे तीन-चार भाषांत हाक मारली जाऊ शकते. भाद्रपद संपून आश्विन लागला, ज्याला अवधीत ‘कुआर’ म्हणतात, की हिरवळीवर, गटाराच्या ओल्या काठावर, रेल्वेच्या फलाटावरसुद्धा शेपटी सतत खाली-वर हलवत चालणारा एक काळा-पांढरा लहान पक्षी दिसू लागतो. मराठी माणूस त्याला धोबी किंवा परीट म्हणतो. अवधी भाषकासाठी तो खंजन आहे, तर उर्दूच्या वाचकासाठी ममोला.

प्रस्तुत लेखाचा विषय हा पक्षी आणि त्याच्या सोबतीने येणारा शरद ऋतू हा आहे. भारतीय ऋतुवर्णनपर काव्यातील पक्षी हे केवळ कविसमय होत, ते पुस्तकातून पुस्तकात उडत आलेले आहेत, असे एक मत साहित्याभ्यासात दीर्घकाळ रूढ आहे. या मतात तथ्य आहे. परंतु ते सर्व पक्ष्यांना सारखेच लागू पडत नाही. एखाद्या वर्णनातील कोणता पक्षी पाहिलेला, कोणता अर्धवट पाहिलेला आणि कोणता केवळ वाचलेला, हे ठरवायचे तर संहितेइतकेच त्या प्रदेशातील त्या ऋतूचे निरीक्षण आवश्यक ठरते. अवध हा प्रदेश या दृष्टीने विशेष सोयीचा आहे. ज्या भाषेत तुलसीदासांनी ‘रामचरितमानस’ रचले ती भाषा येथे अद्याप बोलली जाते, आणि त्यांनी उल्लेखिलेले पक्षीही येथे अद्याप येतात.

प्रथम ऋतूच्या नावाचा प्रश्न. ‘ऑटम’ या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘शरद’ असा प्रतिशब्द देण्याची प्रथा शालेय पुस्तकांपासून चालत आली आहे. दिनदर्शिकेच्या दृष्टीने ती चुकीची नाही. भावाच्या दृष्टीने मात्र ती फसवी आहे. उत्तर युरोपातील या ऋतूचे मुख्य लक्षण पानगळ हे आहे, आणि पक्ष्यांच्या बाबतीत मुख्य लक्षण प्रस्थान हे. कीट्सने १९ सप्टेंबर १८१९ रोजी विंचेस्टर येथे लिहिलेली ‘टू ऑटम’ ही कविता आकाशात जमा होणाऱ्या भिंगऱ्यांवर संपते. त्या जाण्यासाठी जमत आहेत, हे सांगण्याची कवीला आवश्यकता भासत नाही. इंग्रज वाचकाला ते ठाऊक असते. लखनौत याच आठवड्यांत पाऊस ओसरतो, आकाश धुतल्यासारखे होते आणि पक्षी येऊ लागतात. उत्तर गोलार्धातील स्थलांतर ही एकच मोठी घटना आहे. तिच्या उत्तरेकडच्या टोकाला निरोपाची कविता होते, दक्षिणेकडच्या टोकाला आगमनाची. मराठीत पानगळीचा विषाद शिशिराकडे गेला आहे. मर्ढेकरांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘शिशिरागम’ (१९३९) असावे, हे या वाटणीशी सुसंगतच आहे. युरोपीय कवितेतील ‘ऑटम’ मराठीत आणताना अनुवादकाला महिना सांभाळावा की मनःस्थिती, असा पेच पडतो तो यामुळेच.

आता खंजन. ‘रामचरितमानसा’च्या किष्किंधाकांडात वर्षा सरल्यानंतर राम लक्ष्मणाला शरदाचे वर्णन ऐकवतो. त्यात एका अर्धालीत सांगितले आहे की, शरद ऋतू आल्याचे जाणून खंजन आले, जसे योग्य वेळ येताच पूर्वसुकृत फळास येते. या वर्णनाची रचना ठरलेली आहे: पहिल्या चरणात निसर्गातील एक घटना आणि दुसऱ्या चरणात तिला समांतर असा नीतिविषयक दृष्टान्त. बहुतेक टीकाकारांचे लक्ष दुसऱ्या चरणाकडे जाते. परंतु येथे पहिल्या चरणातील क्रियापद अधिक मोलाचे आहे. कवी खंजन ‘दिसले’ असे म्हणत नाही, ‘शोभले’ असेही म्हणत नाही. तो म्हणतो ते ‘आले’, आणि ऋतू ‘जाणून’ आले.

या क्रियापदावरून पक्ष्याची जात बऱ्याच अंशी निश्चित करता येते. उत्तर भारतात खंजन हे नाव एकाच पक्ष्याचे नाही. शेपटी हलवणाऱ्या एका संपूर्ण कुळाला ते लावले जाते. या कुळातील पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी हा बारमाही रहिवासी आहे. नदीकाठच्या दगडांवर, घाटांवर तो उन्हाळ्यातही दिसतो आणि तेथेच घरटे करतो. पांढरा धोबी, पिवळा धोबी, करडा धोबी हे मात्र पाहुणे होत. हिमालयाचा वरचा पट्टा, मध्य आशिया, सायबेरिया अशा प्रदेशांत त्यांची वीण होते आणि पावसाळा संपता संपता ते गंगेच्या मैदानात उतरतात. करडा धोबी सर्वांत आधी, पांढरा साधारणतः सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून. मार्च-एप्रिलपर्यंत ते परत जातात. जो पक्षी वर्षभर डोळ्यांसमोर असतो त्याचे आगमन कोणी नोंदवत नाही. तेव्हा तुलसीदासांचा खंजन हा पाहुण्यांपैकीच असला पाहिजे, आणि त्याच्या येण्याचा काळ कवीला माहीत होता असे मानणे भाग आहे. दृष्टान्ताची ताकदही त्यातच आहे. सुकृताचे फळ मागून मिळत नाही, ते आपल्या वेळी येते. खंजनाला कोणी आणत नाही, तोही आपल्या वेळी येतो. बारमाही पक्ष्यावर हा दृष्टान्त उभाच राहिला नसता.

खंजनाचे पहिले दर्शन ही गोष्ट तुलसीदासांच्या पुष्कळ आधीपासून महत्त्वाची मानली गेली होती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त खंजनाच्या लक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे. वर्षाकाळानंतर हा पक्षी प्रथम कोठे दिसला यावरून फल सांगितले जाते: कमळांजवळ, गाईंच्या संगतीत, स्वच्छ जलाशयाकाठी दिसला तर शुभ, राख, हाडे अशा ठिकाणी दिसला तर अशुभ. आधुनिक वाचक हा भाग अंधश्रद्धा म्हणून ओलांडून जातो. वस्तुतः शकुनाचा भाग बाजूला ठेवला तर उरते ती एका स्थलांतरित पक्ष्याच्या पहिल्या आगमनाची व त्याच्या अधिवासाची पद्धतशीर दखल. आजचा पक्षिनिरीक्षक पहिल्या दर्शनाची तारीख वहीत किंवा ई-बर्डवर टिपतो, तेव्हा त्याच कुतूहलाचे वेगळे रूप दिसते. फरक एवढाच की एकाला भविष्य हवे होते आणि दुसऱ्याला आकडा हवा आहे.

तौलनिक अभ्यासकाला येथे जपानकडे पाहणे उद्बोधक ठरेल. जपानी काव्यपरंपरेत ऋतुसूचक शब्दांचे कोशच आहेत, आणि त्यांत धोबी पक्षी, म्हणजे ‘सेकिरेई’, हा शरदाचा शब्द म्हणून नोंदलेला आहे. वर्षाचे बहात्तर सूक्ष्म ऋतूंत विभाजन करणाऱ्या जपानी पंचांगात सप्टेंबरच्या मध्याचे पाच-सहा दिवस ‘धोबी पक्षी बोलू लागतो’ या नावाने ओळखले जातात. ७२० सालच्या ‘निहोन शोकी’ या ग्रंथात तर आद्य दांपत्याला मीलनाची रीत या पक्ष्याच्या हलत्या शेपटीवरून उमगल्याची कथा आहे. अवध आणि जपान यांच्या वाङ्मयांत प्रत्यक्ष देवाणघेवाण नसताना एकाच पक्षिकुळाने एकाच ऋतूचे प्रतिनिधित्व करावे, याचे स्पष्टीकरण प्रभावाच्या सिद्धान्तात सापडत नाही. ते पक्ष्याच्या पंखांत शोधावे लागते.

नावांच्या बाबतीतही असाच एक योगायोग आहे. पाण्याच्या काठी उभे राहून शेपटी आपटणारा हा पक्षी मराठीला कपडे आपटणाऱ्या परटासारखा दिसला. स्पॅनिशमध्ये त्याचे नाव ‘लावांदेरा’, म्हणजे धुणारी. फ्रेंचमध्येही ‘लावांदियेर’ हे त्याचे जुने नाव त्याच अर्थाचे. इंग्रजीने फक्त शेपटीचे हलणे पाहिले. संस्कृत-हिंदी परंपरेने त्याहून वेगळे काही पाहिले: काळ्या-पांढऱ्या रंगाचा आणि चंचलतेचा संयोग, आणि म्हणून नायिकेचे डोळे. सूरदासांपासून पुढे कृष्णकाव्यात आणि रीतिकाव्यात खंजन हा जवळजवळ नेत्रांचा पर्यायच बनला, आणि तेथे मात्र त्याचे येणे-जाणे थांबले. तो ऋतूतून निघून अलंकारात राहायला गेला. उर्दूत त्याची आणखी वेगळी गती झाली. इक्बाल यांच्या ‘बाल-ए-जिब्रील’ (१९३५) मधील ‘साकीनामा’त ममोला हा दुर्बळांचा प्रतिनिधी आहे, त्याला बहिरी ससाण्याशी झुंजवण्याची मागणी कवी करतो. म्हणजे लखनौसारख्या शहरात, जेथे अवधी, खडी बोली आणि उर्दू या तिन्ही परंपरांचे वाचक शेजारी राहतात, तेथे एका पक्ष्याची तीन वाङ्मयीन आयुष्ये एकाच वेळी चालू आहेत: वेळेवर येणारे सुकृत, चंचल नेत्र आणि बंड करणारा दुबळा.

लखनौचे कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी या वारशाचा जाणीवपूर्वक उपयोग केला. तुलसीदासांवरील त्यांच्या कादंबरीचे नाव ‘मानस का हंस’ (१९७२) आणि सूरदासांवरील कादंबरीचे ‘खंजन नयन’ (१९८१). अंध कवीच्या चरित्राला नेत्रांचे सर्वांत चंचल उपमान द्यावे, यातील वेदना वेगळी सांगण्याची गरज नाही. मराठी अभ्यासकाला नागर यांचे नाव आणखी एका कारणाने परिचित असते: विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चा ‘आँखों देखा गदर’ हा हिंदी अनुवाद त्यांचाच.

खंजन हा पाहिलेला पक्षी ठरतो. त्याच वर्णनातील इतर पक्ष्यांची स्थिती कशी आहे? तुलसीदास पुढे चक्रवाकाचा उल्लेख करतात: रात्र पाहून त्याला दुःख होते, जसे दुर्जनाला दुसऱ्याची संपत्ती पाहून व्हावे. चक्रवाक, म्हणजे ब्राह्मणी बदक, हा लडाख, तिबेट आणि मध्य आशियातून शरदाच्या उत्तरार्धात उतरणारा नारिंगी-तपकिरी पक्षी. गंगेच्या व शरयूच्या वाळवंटी काठांवर तो ऑक्टोबरपासून जोडीजोडीने दिसतो. अर्थात पक्षी खरा आणि त्याचा काळही खरा. रात्री नर-मादीची ताटातूट होते हा मात्र संकेत आहे. निरीक्षणाचा आधार त्याला नाही. तथापि हा संकेत पूर्णपणे हवेतून आलेला नसावा. हे बदक बऱ्याच अंशी रात्री चरते, आणि अंधारात नदीच्या पात्रावरून येणारे त्याचे मोठे, काहीसे कर्कश सूर दूरवर ऐकू येतात. ज्याने ते ऐकले त्याला दोन तीरांवरून एकमेकांना घातलेल्या हाका वाटल्या, तर नवल नाही. चक्रवाक हा अर्धा पाहिलेला आणि अर्धा ऐकलेला पक्षी आहे. उर्दूत हाच पक्षी ‘सुरखाब’ या नावाने येतो आणि विरहाऐवजी मिजासीच्या म्हणीत जाऊन बसतो: ज्याला आपण कोणी विशेष आहोत असे वाटते, त्याला सुरखाबाची पिसे लागली आहेत काय, असे विचारले जाते.

चकोराचे प्रकरण याहून वेगळे. शरदाचा चंद्र पाहणारे चकोर तुलसीदासांच्या वर्णनात आहेत, पण चकोर हा हिमालयाच्या आणि वायव्येच्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवरचा तित्तिरवर्गीय पक्षी आहे. गंगेच्या मैदानात तो राहत नाही. मानक नगरच्या परिसरात कोणी कितीही शरद घालवले तरी चकोर दिसायचा नाही, आणि चांदणे पिणारा तर कोठेच दिसायचा नाही. हा शुद्ध कविसमय. एकाच वर्णनात काही चरणांच्या अंतराने पाहिलेला, अर्धा पाहिलेला आणि केवळ वाचलेला असे तिन्ही पक्षी एकत्र नांदतात, आणि संहिता त्यांच्यात कोणताही भेद करत नाही. भेद करण्याचे काम वाचकाकडे राहते.

हीच कसोटी मराठीतील आद्य ग्रंथाला लावून पाहता येते. ‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्या अध्यायात श्रोत्याने कसे ऐकावे हे सांगताना ज्ञानदेव शारदीय चंद्रकलेतील कोवळे अमृतकण हळुवारपणे टिपणाऱ्या चकोराच्या पिलांचा दाखला देतात. हे मराठी वाङ्मयातील शरदाचे कदाचित सर्वांत नाजूक चित्र असेल. आणि त्यातील पक्षी गोदावरीच्या खोऱ्यात कधीही नव्हता. सोळाव्या अध्यायाच्या आरंभी गुरुरूपी सूर्याचा उदय वर्णिताना बुद्धी आणि बोध ही चक्रवाकांची जोडी भेदरूपी नदीच्या दोन थड्यांवर विरहाने आक्रोश करीत होती, ती आता एकरूप झाली, असे रूपक येते. चक्रवाक मात्र महाराष्ट्रातील नद्यांवर हिवाळ्यात येतो. गोदावरीवरील पैठणच्या जलाशयावर तो आजही दिसतो. प्रवरेकाठच्या नेवाशाला थंडीच्या रात्री ही साद ऐकू आली असणे अशक्य नाही. दोन्ही प्रतिमा संस्कृत परंपरेतून आलेल्या. पण एकीत शांतता आहे आणि दुसरीत आवाज आहे. एकीचा आधार केवळ ग्रंथ आहे, दुसरीला कानांची साक्ष मिळू शकत होती. हा फरक अर्थनिर्णयन बदलणारा नसेलही. प्रतिमेचा पोत समजून घेण्यास तो निश्चित उपयोगी आहे.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. तुलसीदासांचे हे वर्षा-शरदवर्णन भागवताच्या दशम स्कंधातील विसाव्या अध्यायाच्या धर्तीवर आहे, ही गोष्ट सर्वमान्य आहे. निसर्गघटना आणि नीतिदृष्टान्त यांची जोडणी तेथलीच. शरदात पाणी आटू लागले की उथळ पाण्यातील मासे तळमळतात, जसा दरिद्री कुटुंबवत्सल मनुष्य, ही प्रतिमा भागवतात आहे आणि किंचित फरकाने ‘मानसा’तही आहे. शिवाय राम जेथे बोलतो आहे ते स्थळ दक्षिणेतील, ऋतुवर्णन मात्र उत्तरेचे. मग निरीक्षणाचा प्रश्न उरतोच कोठे? तो उरतो. परंपरेने दिलेल्या प्रतिमांपैकी कवी काही ठेवतो, काही टाकतो. ज्या ठेवतो त्या त्याच्या श्रोत्यांना ओळखता आल्या पाहिजेत. अवधीत कथा ऐकणारा शेतकरी कुआरच्या महिन्यात डबक्यांतील मासे आणि त्यांभोवती जमलेले बगळे दरवर्षी पाहत होता. नदीकाठी फुललेले कास त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्या पांढऱ्या तुऱ्यांना तुलसीदास वर्षा ऋतूचे म्हातारपण म्हणतात, तेव्हा ती उपमा ग्रंथ न वाचलेल्याला तत्काळ कळते. उसनी घेतलेली प्रतिमाही जागेवर पडताळून पाहिली जाते, आणि पटली तरच टिकते.

लखनौचे दस्तऐवज या पडताळणीसाठी उपलब्ध आहेत, हीही एक सोय. जॉर्ज रीड यांची लखनौ विभागातील पक्ष्यांची सविस्तर यादी ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८८१ साली आली. विल्यम जेसी यांची ‘द बर्ड्स ऑफ लखनौ’ ही लेखमाला विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ‘आयबिस’मध्ये आली. संस्कृत वाङ्मयातील पक्ष्यांची ओळख पटवण्याचे मोठे काम के. एन. दवे यांनी ‘बर्ड्स इन संस्कृत लिटरेचर’ (१९८५) या ग्रंथात केले. मराठीत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील नोकरीचा काळ रानात घालवून संस्कृत ग्रंथ, आदिवासींची बोली आणि स्वतःचे निरीक्षण यांची सांगड घातली. ‘पक्षिकोश’ हे त्याचे फळ. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) हे वेगळ्या जातीचे पुस्तक. बारा महिन्यांच्या बारा लेखांत त्यांनी महिन्याला महिन्याचे झाड, फूल, पाखरू परत दिले, आणि मराठी ललितगद्याला ऋतू पुस्तकातून नव्हे तर खिडकीतून पाहता येतो हे दाखवून दिले. तुलनाकारांनी या पुस्तकाकडे केवळ शैलीचा नमुना म्हणून पाहिले आहे. त्यातील नोंदींचे मोल अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही.

अनुवादाच्या अंगाने पाहता खंजनाची अडचण स्पष्ट होते. तुलसीदासांची ती अर्धाली मराठीत आणायची तर ‘खंजन’ हा शब्द तसाच ठेवता येतो. त्याने लय आणि प्रतिष्ठा राहते, परंतु मराठी वाचकासमोर पक्षी उभा राहत नाही. खंजन म्हटले की त्याला नायिकेचे डोळे आठवतात, आणि येथे ते डोळे नको आहेत. ‘धोबी’ किंवा ‘परीट’ म्हटले तर पक्षी लगेच दिसतो. पण ‘शरद आल्याचे जाणून परीट आले’ या वाक्यात वाचक क्षणभर माणसाकडे पाहतो, श्रमाकडे आणि जातीकडे पाहतो, आणि सुकृताचा दृष्टान्त हास्यास्पद होण्याची भीती निर्माण होते. अलीकडे पक्षिमित्रांनी मराठी नावांचे प्रमाणीकरण करण्याचे प्रयत्न केले आहेत, आणि क्षेत्रीय मार्गदर्शिकांसाठी ते उपयुक्तच आहेत. साहित्याला मात्र प्रमाण नावाने फारशी मदत होत नाही, कारण काव्यात नाव हे निर्देशापुरते नसते. मानक नगरमध्ये रुळाचे मानक ठरते तसे पक्ष्याच्या नावाचे ठरू शकत नाही, हे अनुवादकाला प्रत्येक वेळी नव्याने मान्य करावे लागते. या ठिकाणी ‘खंजन’ ठेवून ‘परतून आले’ असे क्रियापद योजणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग दिसतो. शब्द अपरिचित राहिला तरी क्रियापद स्थलांतर सांगते, आणि दृष्टान्त त्यावरच उभा आहे.

शरदातील पक्षिदर्शनाला अवधात धार्मिक आचाराचेही रूप आहे. विजयादशमीला नीलकंठ पाहणे शुभ मानले जाते. नीलकंठ म्हणजे मराठीतील नीलपंख किंवा चाष. महाराष्ट्रात याच दिवशी सीमोल्लंघन आणि आपट्याची पाने; उत्तरेत तारेवर बसलेला निळा पक्षी. सण एक असूनही एकीकडे झाड आणि दुसरीकडे पाखरू पवित्र व्हावे, ही नोंद लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावी अशी आहे. या श्रद्धेने पक्ष्याचे भलेच झाले असे म्हणवत नाही. दर्शन घडवण्यासाठी नीलकंठ पकडून, पिंजऱ्यात किंवा दोरीला बांधून दारोदार फिरवण्याचा धंदा अनेक शहरांत चालत आला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. दरम्यान पक्षी कमी होत आहेत. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालाने नीलपंखाच्या संख्येत गेल्या बारा वर्षांत सुमारे ३० टक्के घट झाल्याचे नोंदवून त्याच्या स्थितीचे पुनर्मूल्यांकन सुचवले. ज्या दर्शनात पक्ष्याने स्वतः यायचे असते त्यात तो आणला जाऊ लागला, की खंजनाच्या अर्धालीतील ‘आले’ या क्रियापदाचा अर्थच नाहीसा होतो.

पाणथळ जागांची कथा थोडक्यात सांगता येईल. मानक नगरहून कानपूरच्या दिशेने उन्नाव जिल्ह्यात नवाबगंजचे अभयारण्य लागते. आज त्याचे नाव शहीद चंद्रशेखर आझाद पक्षी अभयारण्य असे आहे. २०१९ साली त्याचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरलाही त्याच सुमारास हा दर्जा मिळाला. शरदाच्या आरंभी येथे मुग्धबलाकांची पिले घरट्यांतून मोठी होत असतात, आणि उत्तरेकडील बदके उतरू लागतात. भोवतालच्या भातशेतांत सारसांच्या जोड्या पिलांसह हिंडतात. उत्तर प्रदेशाचा हा राज्यपक्षी. तेथील अलीकडच्या गणनांत त्याची संख्या पंधरा हजारांच्या पुढे गेली आहे. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया-भंडारा भागात काही डझनांपुरता उरला आहे. ही तफावत साहित्याच्या वाचकाला दुर्लक्षिता येणार नाही. वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक ज्या क्रौंचासाठी झाला तो पक्षी सारस होता, असे ज्युलिया लेस्ली यांनी १९९८ साली साधार मांडले. मराठीत मात्र क्रौंच म्हटले की करकोचा आठवतो, आणि करकोचा हा शब्द बलाक आणि क्रौंच या दोन भिन्न कुळांना सरसकट लावला जातो. शेतात सारसाची जोडी रोज दिसते तेथे आदिकाव्याच्या जन्मकथेला भाष्य लागत नाही.

तुलसीदासांच्या शरदवर्णनाचा शेवट कीटकांवर होतो, आणि तो बहुधा वाचलाच जात नाही. पावसाळ्यात पृथ्वी जीवजंतूंनी गजबजली होती, शरद येताच ते सारे गेले, जसे सद्गुरू भेटताच संशय आणि भ्रम जातात. येथे ‘गेले’ याचा अर्थ ‘नष्ट झाले’ असाच सर्वांनी घेतला आहे, आणि दृष्टान्ताला तोच अर्थ हवा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस हिरवळींवर आणि मैदानांवर चतुरांचे थवेच्या थवे तरंगताना दिसतात. ऑक्टोबरनंतर ते विरळ होतात. या पिवळसर चतुरांची एक जात भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जाते, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मालदीवमधील नोंदींच्या आधारे मांडले. मागोमाग नोव्हेंबरात ईशान्य भारतातून निघालेले अमूर ससाणे द्वीपकल्प ओलांडून त्याच समुद्रावरून त्याच दिशेने जातात, आणि वाटेत हे चतुर त्यांचे खाद्य होत असावेत असे मानले जाते. खंजन ज्या पंधरवड्यांत अवधात उतरत असतात, त्याच सुमारास चतुर तेथून निघून जात असतात.